सॅटेलाइटला रस्ता माहीतच नसतो

परवा कपाट आवरताना खालच्या खणात जुनी नेव्हिगेशनची डबी सापडली. तीच ती, गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायची, ४.३ इंची स्क्रीनवाली, जी एके काळी बाबांनी हौसेने घेतली होती आणि मग मोबाइल आल्यावर सगळ्यांच्या घरी झालं तसं तिचं झालं, म्हणजे चार्जर एका खणात, स्टँड दुसऱ्या खणात आणि डबी मोज्यांखाली. मी म्हटलं टाकून द्यायच्या आधी एकदा चालू तरी करून बघू.

बॅटरी अर्थातच मेलेली होती, त्यामुळे गाडीत जाऊन लायटरच्या सॉकेटला लावली. सक्शन कपचं रबर इतकं कडक झालेलं की काचेला धरेना, शेवटी थुंकी लावून चिकटवला (सांगू नका कुणाला), तर दीड मिनिटांनी टपकन डॅशबोर्डवर पडला, परत पुसून लावला, परत पडला. सांगायची गोष्ट म्हणजे ते रबर गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून काढलं की पुन्हा मऊ होतं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. मग लोगो आला, मग ती सूचना आली की गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका, ती 'मान्य' केल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही, आणि ती स्क्रीन म्हणजे नखाने दाबावी लागणारी, मोबाइलसारखं हळूच बोट फिरवलं तर ढिम्म. आणि मग आलं 'सॅटेलाइट शोधत आहे'.

शोधतेय. शोधतेय. शोधतेय.

बाजूला मोबाइल होता, त्यावर दोन सेकंदात निळा ठिपका आलाही. डबीला घड्याळ लावून १४ मिनिटं लागली. मी बसून राहिले कारण मला ती वर येणाऱ्या दांड्यांची स्क्रीन बघायला पहिल्यापासून आवडते, आधी करड्या पोकळ दांड्या, मग एखादी भरते, मग दुसरी भरते, मग पहिली परत पोकळ होते कारण गाडीवर झाडाची फांदी आहे.

आता ही १४ मिनिटं कुठे गेली ते सांगते कारण बरेच जण इथेच वैतागून डबी फेकून देतात. सॅटेलाइट जी माहिती पाठवतो ती मुंगीच्या पावलाने येते, सेकंदाला फक्त ५० बिट. प्रत्येक सॅटेलाइट स्वतःची कक्षा नेमकी कशी आहे ते दर ३० सेकंदांनी सांगत असतो, आणि त्याशिवाय बाकीचे सगळे भाऊबंद साधारण कुठे कुठे आहेत ते तुकड्यातुकड्यात सांगतो, त्या अख्ख्या यादीला अल्मनॅक म्हणतात आणि ती पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. रोज वापरातल्या डबीकडे ही यादी असतेच त्यामुळे ती पटकन जागी होते, पण वर्षानुवर्षं मोज्यांखाली झोपलेल्या डबीला डोक्यावर कोण आहे याचा पत्ताच नसतो. मोबाइल काय करतो, तो हीच यादी नेटवर्कवरून एका फटक्यात घेतो. म्हणजे डबी धडा पाठ करून परीक्षेला बसते आणि मोबाइल शेजारच्याचा पेपर बघतो.

त्यामुळे टीप अशी की खूप दिवसांनी डबी चालू केली तर गाडी सुरू करून लगेच निघू नका. मोकळ्या आकाशाखाली उभी ठेवा, चार-पाच मिनिटं, कधी पंधरा मिनिटं. चालत्या गाडीत झाडं इमारती आल्या की ती ३० सेकंदांची माहिती मध्येच तुटते आणि मग पुन्हा पहिल्यापासून, असं तासभर चालू शकतं.

बरं, १४ मिनिटांनी बाण आला, अगदी आमच्याच पार्किंगमध्ये, जागा एकदम बरोबर. पण तारीख बघितली तर जवळजवळ २० वर्षांपूर्वीची! मला आधी वाटलं डबीचं डोकं फिरलं. मग उलगडा झाला. जीपीएसच्या जुन्या सिग्नलमध्ये तारीख अशी नसतेच, आठवड्याचा नंबर असतो, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेला, आणि त्या नंबरला जागा दिलीय फक्त १० बिटांची, म्हणजे ० ते १०२३. पुढचा आठवडा आला की पुन्हा शून्य, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखं. असं एकदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ ला आहे. ज्या डबीचं सॉफ्टवेअर अपडेट झालेलं नाही ती बिचारी १०२४ आठवडे मागे जाते, म्हणजे साडेएकोणीस वर्षं आणि वर दीडेक महिना.

यात एक गंमत अशी की १०२४ आठवडे म्हणजे पूर्ण वर्षं होत नाहीत, त्यामुळे डबीचा महिनाही चुकतो. मी जूनमध्ये चालू केली तर तिच्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि दिवसाचा उजळ मॅप बदलून रात्रीचा काळा मॅप कधी लावायचा हे ती तारीख आणि जागा बघून सूर्यास्त कधी ते काढून ठरवते. म्हणजे बाहेर लख्ख उजेड आणि डबीने स्क्रीन काळी करून टाकलेली, तिच्यापुरता थंडीतला दिवस मावळलेला. मी हे बघून पाच मिनिटं एकटीच हसत होते.

पण मुद्दा बघा, तारीख २० वर्षं चुकलेली आणि जागा मात्र बरोबर. आणि मॅप? मॅपचं पुढे सांगते, तो तर वेगळाच कारभार आहे. जागा एकीकडून येते, रस्ता दुसरीकडून येतो, आणि आपण दोन्हीला मिळून 'जीपीएस' म्हणतो. 'जीपीएसने शेतात नेलं', 'सॅटेलाइटला कळत नाही का पुढे पूल तुटलाय ते'. अहो नाही कळत! सॅटेलाइटला रस्ता माहीतच नसतो. त्याला तुम्हीही माहीत नसता.

बाबांना हे पटायचंच नाही. त्यांना वाटायचं वरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि ती डबीतली बाई (बाबा तिला 'बाई'च म्हणायचे) त्याला फोन करून विचारते की आता डावीकडे का उजवीकडे. म्हणून ते चुकीचं वळण घेतलं की जरा ओशाळायचे, जणू वर कुणीतरी कपाळावर हात मारला असेल. प्रत्यक्षात डबी काहीच पाठवत नाही, फक्त ऐकते, रेडिओसारखी. सॅटेलाइट २०,२०० किलोमीटरवर फिरतायत, कमीत कमी २४ लागतात, सध्या तिसाच्या आसपास कामावर आहेत, आणि प्रत्येक जण एकच गोष्ट ओरडत असतो, 'मी अमुक, मी तमुक ठिकाणी, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले'. बस. एवढंच.

लहानपणी वीज चमकली की आपण गडगडाट होईपर्यंत आकडे मोजायचो ना, एक दोन तीन चार, म्हणजे वीज किती लांब पडली ते कळायचं. डबी तेच करते. सॅटेलाइट म्हणाला माझ्याकडे इतके वाजले, निरोप डबीपर्यंत पोचेपर्यंत इतके वाजले, म्हणजे निरोप यायला इतका वेळ लागला, म्हणजे तो इतका लांब. सगळ्यात जवळचा सॅटेलाइट असला तरी सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. असे तीन सॅटेलाइट मिळाले की तीन अंतरं मिळाली आणि जागा पक्की, पण इथे एक घोळ आहे. सॅटेलाइटमध्ये अणुघड्याळ असतं आणि डबीत मनगटी घड्याळासारखं क्वार्ट्ज. ते जर एक मायक्रोसेकंदाने चुकलं तर अंतर ३०० मीटरने चुकलं! म्हणून चौथा सॅटेलाइट लागतो, त्याच्या मदतीने डबी स्वतःच्या घड्याळाची चूकही गणितातूनच काढते. मला ही आयडिया फार आवडते, की आपलं घड्याळ चुकीचं आहे हे आधीच धरून चालायचं आणि किती चुकीचं आहे ते चौघांना विचारून घ्यायचं. (घरातली भांडणं पण अशी मिटली असती तर काय.)

आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाचं तर सगळे सांगतात म्हणून थोडक्यात. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून सॅटेलाइटचं घड्याळ दिवसाला साधारण ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं, आणि ते स्वतः भन्नाट वेगात म्हणून ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, हिशेब करून रोज ३८ पुढे. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणून ही घड्याळं जमिनीवरच मुद्दाम जराशी हळू लावून मग वर पाठवतात.

आता या डब्या गाडीत यायला एवढा उशीर का झाला, तर त्याला कारण तांत्रिक कमी आणि सरकारी जास्त. मुळात ही अमेरिकन सैन्याची यंत्रणा, पहिला सॅटेलाइट १९७८ ला वर गेला. १९८३ मध्ये कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही यंत्रणा पूर्ण झाली की सामान्य लोकांनाही वापरता येईल. पण देताना हात आखडता ठेवला. सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड घालायचे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. १०० मीटर म्हणजे समुद्रातल्या बोटीला काहीच नाही हो, पण गाडीला? दोन समांतर रस्त्यांमधला तुमचा कोणता हेच कळणार नाही. ही गडबड २ मे २०००च्या सुरुवातीला बंद केली आणि एका रात्रीत त्याच जुन्या डब्या, काही न बदलता, कितीतरी पट अचूक झाल्या. डबीला मात्र याचा पत्ताही नाही.

पण गाडीतलं नेव्हिगेशन त्याच्याही आधीचं आहे आणि हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय. १९८१ मध्ये होंडाने एक यंत्र काढलं होतं, इलेक्ट्रो गायरोकेटर, त्यात सॅटेलाइट वगैरे काही नाही, गॅसवर चालणारा एक गायरो गाडी किती वळली ते मोजायचा, आणि छोट्या स्क्रीनपुढे पारदर्शक कागदावर छापलेला नकाशा सरकवायचा! एका नकाशाची हद्द संपली की तो काढा, दुसरा घाला. मग १९८५ ला अमेरिकेत एटॅक नावाच्या कंपनीचा नॅव्हिगेटर आला, तो तर अजून भारी, चाकाला सेन्सर लावलेले, एक होकायंत्र, आणि नकाशे कॅसेटवर. गाण्यांची असते तशी कॅसेट! चाकं किती फिरली यावरून गाडी किती पुढे गेली ते मोजायचं, अशाने चूक साठत जाते, म्हणून त्यांनी एक डोकं लावलं. गाडी ही रस्त्यावरच असणार, घरात घुसणार नाही, त्यामुळे अंदाज रस्त्याच्या बाजूला गेला की त्याला ओढून जवळच्या रस्त्यावर आणायचं, आणि गाडी वळली की बघायचं असं वळण नकाशात कुठे आहे. याला मॅप मॅचिंग म्हणतात आणि आजही तुमच्या मोबाइलमध्ये हेच चालतं. तुमचा ठिपका रस्त्याच्या अगदी मधोमध दिसतो ना, तो सॅटेलाइटने तिथे ठेवलेला नसतो, त्याला ओढून तिथे बसवलेलं असतं.

एटॅक हे नाव कुठून आलं माहितीय? पॅसिफिक महासागरातल्या नावाड्यांच्या वाट काढायच्या पद्धतीवरून. त्या पद्धतीत नाव एका जागी थांबलीय असं मानतात आणि बेटं आपल्या दिशेने सरकत येतात. आणि स्क्रीनवर बघा, बाण खाली मधोमध स्थिर आणि सगळं जग त्याच्याखालून सरकत जातं. मी हे वाचल्यापासून ती स्क्रीन मला वेगळीच दिसायला लागलीय.

सॅटेलाइटवाली पहिली फॅक्टरी फिटेड सिस्टिम १९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो या गाडीत आली, मग काचेला लावायच्या डब्या, गार्मिन कंपनीने १९९८ ला स्ट्रीटपायलट काढला, टॉमटॉम कंपनीचा गो २००४ ला आला आणि मग पुढची पाच वर्षं म्हणजे डब्यांचा सुकाळ. त्याच सुमारास रिसीव्हरच्या चिपाही एकदम सुधारल्या, आधी काचेआडून सिग्नल पकडताना जीव जायचा, तो जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण असतो की आजूबाजूच्या खरखरीच्याही खाली दबलेला असतो, त्यातून तो उपसून काढायला नव्या चिपा आल्या. आणि रस्ता शोधायचं गणित तर कधीचं तयारच होतं, डाइक्स्ट्रा नावाच्या डच माणसाने १९५६ ला ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत मनातल्या मनात मांडलेलं, हातात कागद-पेनही नव्हता. टॉमटॉम पण ॲमस्टरडॅमचीच. योगायोग आहे, पण छान आहे.

मग ऑक्टोबर २००९. गूगलने अँड्रॉइडवर वळणावळणाला सांगणारं नेव्हिगेशन फुकट देऊन टाकलं आणि त्याच दिवशी गार्मिन-टॉमटॉमचे शेअर धडाधड पडले. पुढचं सगळ्यांना माहितीय.

डब्या खऱ्या हरल्या त्या सॅटेलाइटमुळे नाही, मॅपमुळे. कारण मॅप हा भाजीसारखा असतो, घेतल्याच्या दिवसापासून सुकायला लागतो. रस्ते वन-वे होतात, सिग्नलच्या जागी गोल चौक होतो, बायपास येतो. मोबाइलवर हे कुणीतरी मागच्या दाराने बदलत राहतं, डबीत तुम्हाला स्वतः करावं लागतं. मी एकदा केलेलं. ज्या कंपनीची होती तिचं नाव घेत नाही, पण कॉम्प्युटरला केबल लावायची, त्यांचं सॉफ्टवेअर टाकायचं, ते आधी स्वतःच अपडेट होणार, मग सांगणार मॅप डाउनलोड व्हायला चार तास, मग ९३ टक्क्यांवर अडकणार, मग म्हणणार डबीत जागा पुरत नाही, आणि तोवर जुना मॅप पुसून झालेला असणार! त्या रात्री आमच्या डबीत जगात एकही रस्ता नव्हता. पण बाण येत होता बरं का. काळ्या रिकाम्या स्क्रीनवर नुसता बाण, अक्षांश रेखांश अगदी दशांशापर्यंत बरोबर, आणि भोवती काहीही नाही. सॅटेलाइट आणि मॅप वेगळे असतात हे मला कुठल्याही लेखापेक्षा त्या स्क्रीनने जास्त शिकवलं.

'लाइफटाइम मॅप्स' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचीही गंमत आहे, लाइफ तुमचं नाही डबीचं, आणि डबीचं लाइफ किती ते कंपनी ठरवणार. सेकंडहँड घेत असाल तर आधी हे बघा की त्या मॉडेलला मॅप अजून मिळतो का, नाहीतर नुसतं गाडीतलं घड्याळ घेतल्यासारखं होईल, आणि त्याची तारीखही चुकीची.

लोक फसतात तेही मॅपमुळेच किंवा स्वतःमुळे. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटावर जायला निघालं, टाइप करताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि पोचले कार्पी नावाच्या औद्योगिक गावात, साडेसहाशे किलोमीटर लांब. काप्री बेट आहे, कार्पी नाही, मध्ये समुद्र लागला नाही याचं त्यांना काही वाटलं नाही! २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात तीन जपानी विद्यार्थी ओहोटीच्या वेळी सरळ समुद्राच्या चिखलात गाडी घालून बेटाकडे निघाले कारण स्क्रीनवर रस्ता दिसत होता, भरती आली, गाडी सोडून चालत परत यावं लागलं. हे हसण्यासारखं, पण अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत रेंजर लोक 'डेथ बाय जीपीएस' असा शब्द वापरतात, तिथे मॅपवर उरलेल्या जुन्या बंद रस्त्यांवर शिरून माणसं उन्हात अडकून गेलीत. या सगळ्या प्रकारांत माणूस नेमका कुठे आहे हे सॅटेलाइटवरून डबीला बरोबर कळत होतं.

म्हणून डबी असो की मोबाइल, एक सेटिंग नक्की बघा. रूट 'शॉर्टेस्ट' वर असेल तर तो 'फास्टेस्ट' करा. शॉर्टेस्ट ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण त्यात डबी २०० मीटर वाचवायला तुम्हाला कच्च्या रस्त्याने, गल्लीबोळातून, कुणाच्या तरी अंगणाच्या कडेने नेते. आणि कच्चे रस्ते टाळा हा पर्याय असतो तो चालू करा. ज्या गावाला जायचंय ते टाकल्यावर 'सुरू करा' दाबायच्या आधी अख्खा रूट झूम आउट करून एकदा बघा, दहा सेकंद लागतात, काप्री-कार्पीचा प्रश्न मिटतो.

उड्डाणपूल हा मात्र खराखुरा अवघड विषय आहे, तिथे डबीला मी माफ करते. वर पूल, खाली सर्व्हिस रोड, दोन्ही एकाच रेषेत. आडवी जागा चांगल्या आकाशात तीन-पाच मीटरपर्यंत बरोबर मिळते, पण उंचीत चूक त्याहून जास्त असते कारण सगळे सॅटेलाइट डोक्यावर असतात, पायाखालून कुणी ओरडत नाही. त्यामुळे तुम्ही वर असता आणि बाई खालच्या सिग्नलला डावीकडे वळायला सांगते, वळलात तर संपलंच. उंच इमारतींच्या मधे अजून वाईट, सिग्नल काचेच्या भिंतीवर आपटून येतो, उशिरा येतो, डबीला वाटतं सॅटेलाइट लांब आहे आणि बाण शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. बोगद्यात तर सिग्नलच नाही, तिथे डबी शेवटच्या वेगाने बाण नुसता पुढे ढकलत राहते, अंदाजपंचे. तुम्ही बोगद्यात ट्रॅफिकमध्ये उभे असलात तर बाण तुमच्या आधी बाहेर पडलेला असतो.

एका बाबतीत मात्र डबी गाडीपेक्षा खरी निघते. वेग. गाडीच्या स्पीडोमीटरवर १०० असेल तेव्हा डबी ९५-९६ दाखवते आणि लोक म्हणतात डबी मंद आहे. तसं नाहीये. बऱ्याच देशांत लागू असलेला नियमच असा आहे की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल, १० टक्के आणि वर ४ किलोमीटरपर्यंत. म्हणून कंपन्या तो मुद्दाम पुढे ठेवतात. डबी वेग काढते तो सिग्नलच्या डॉप्लरवरून, गाडी जवळ येताना हॉर्नचा आवाज बदलतो तसा सिग्नल किती बदलला त्यावरून, आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात असाल तर तो आकडा जास्त भरवशाचा असतो. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी आनंदाने विचारलं, 'म्हणजे मी इतकी वर्षं उगाच हळू चालवत होतो?'

आता कुणी विचारेल की आज ही डबी कशाला. बहुतेकांना नकोच, खरं सांगते. ट्रॅफिक कुठे तुंबलंय हे बाकीच्या हजारो मोबाइलवरून कळतं, ते एकट्या डबीला कळणार नाही. पण मोठा ट्रक किंवा मागे कॅराव्हॅन लावून चालवणारे असाल तर त्यांच्यासाठीच्या वेगळ्या डब्या असतात, त्यात गाडीची उंची रुंदी वजन भरता येतं आणि बुटक्या पुलाखाली नेत नाहीत, साध्या मोबाइल ॲपला हे जमत नाही. जिथे नेटवर्क दिवसदिवस नसतं तिथे फिरणाऱ्यांना पण उपयोगाची, सगळा मॅप पोटातच असतो (मोबाइलवर ऑफलाइन मॅप आधी उतरवून ठेवता येतो हे मान्य, पण आठवतं कुणाला). आणि उन्हात काचेला लावलेला मोबाइल तापून बंद पडतो तसं हिचं सहसा होत नाही. मला वैयक्तिक आवडतं ते हे की तिच्यावर मध्येच कुणाचा मेसेज येत नाही.

हो, आणि काचेवर गोल डाग ठेवू नका. त्या सुकाळात डबी काढून कप्प्यात ठेवली तरी कपचा गोल ठसा बघून चोर काच फोडायचे. आता कुणी नाही फोडणार, पण सवय म्हणून मी पुसतेच.

तर त्या १४ मिनिटांनंतर मी बाबांना हाक मारली, म्हटलं चला, तुमची बाई जागी झालीय. ते लगबगीने येऊन बाजूला बसले, चष्मा चढवला, आणि आम्ही नव्या बायपासने निघालो, जो डबीच्या जन्मानंतर झालाय. बायपासला लागलो तशी बाई म्हणाली यू-टर्न घ्या. मग म्हणाली शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या. मग थोडा वेळ गप्प बसून नवा रूट काढला, त्यात पण यू-टर्न. मॅपवर रस्ता मागे राहिला होता आणि बाण हिरव्यागार रिकाम्या जागेत एकटा चालला होता, ना रस्ता ना नाव, ओढून कशावर बसवावं तर आसपास काहीच नाही. मी आवाज बंद करायला हात पुढे केला तर बाबा म्हणाले, 'अगं राहू दे, बघू तरी किती शेत नांगरते.'

सहा किलोमीटर नांगरलं तिने. मग बायपास जुन्या रस्त्याला मिळाला, बाण टुणकन उडी मारून पिवळ्या रेषेवर बसला, आणि बाई काहीच न झाल्यासारखी म्हणाली, सरळ चालत राहा. बाबा म्हणाले, 'बरं बाई.'